शाळेतला पर्यावरण क्लब: रोपं लावली, पोस्टर झाले, पुढे काय?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी माध्यमिकला विज्ञान शिकवते. यंदा शाळेचा पर्यावरण क्लब माझ्याकडे आलाय, आला म्हणजे आधीचे सर निवृत्त झाले आणि मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. जुनी फाईल चाळली तर दरवर्षी तेच, ५ जूनला रोपं लावणे, घोषवाक्य स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, एक फेरी, फोटो आणि मग थेट पुढचा जून. रोपांचं पुढे काय झालं ते फाईलमध्ये कुठेच नाही, मैदानाच्या कडेला जाऊन बघितलं तर नुसती आळी दिसतात.

पहिल्याच बैठकीत आठवीतल्या एका मुलीने विचारलं, मॅडम आपण ही झाडं लावतो त्याने खरंच काही फरक पडतो का की आपलं असंच? टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं पुढच्या वेळी आकड्यांसकट बोलू. तर आता आकडेही हवेत आणि कामही हवंय. आठवड्याला एक तास मिळतो, बजेट नाही म्हणजे नाहीच, मुख्याध्यापकांना फोटो हवे असतात (त्यांनाही वर अहवाल पाठवावा लागतो, समजू शकते). मुलं उत्साहाने येतात पण पहिली चाचणी जवळ आली की गळायला लागतात.

पैसे न लागणारं, दिखाऊ नसलेलं आणि वर्षभर टिकेल असं काय करता येईल? आणि दुसरं म्हणजे हवामान बदलावर बोलायला लागलं की काही मुलं घाबरतात आणि बाकीची जांभया देतात, याच्या मधलं काही जमलंय का कुणाला?

मीटरवाचक

मॅडम, शाळेचं विजेचं मीटर कुठे आहे ते मुलांना माहीत आहे का? बहुतेक नसणार, शिक्षकांनाही नसतं. तिथून सुरुवात करा, फुकट आहे.

रोज शाळा सुटताना एक रीडिंग, सकाळी उघडताना एक. दोघा-दोघांच्या जोड्या पाडा, वहीत तारीख, वेळ, आकडा, सही. यात सगळ्यात मजेशीर आकडा असतो तो रात्रीचा आणि रविवारचा. शाळेत चिटपाखरू नाही, तरी मीटर फिरतंय, मग कोण खातंय वीज? हा शोध पोरांना लावू द्या, तुम्ही उत्तर माहीत असलं तरी सांगू नका. कधी वॉटर कूलर निघतो, कधी कॉम्प्युटर लॅबमधले स्टँडबायवर ठेवलेले सगळे मॉनिटर आणि यूपीएस, कधी जिन्यातला दिवा ज्याचं बटण कुठे आहे तेच कुणाला माहीत नसतं.

हिशोब सोपा आहे. १००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. जुन्या धाटणीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरवाला ३० च्या आसपास. जुनी ट्यूब चोक धरून ४५-५०, तेवढाच उजेड देणारी एलईडी २० च्या आत. रिकाम्या वर्गात चार जुने पंखे पाच तास राहिले तर ४ × ७५ × ५ म्हणजे १५०० वॅट-तास, दीड युनिट. कोळशावर तयार झालेल्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पण हा आकडा प्रत्येक देशात वेगळा असतो, जिथे जलविद्युत किंवा अणुऊर्जा जास्त तिथे खूप कमी, तर आपल्या ग्रिडचा, म्हणजे देशाच्या वीजजाळ्याचा, सरकारी आकडा मुलांनाच शोधायला लावा, तो छापलेला असतो.

दोन गोष्टी सांभाळा. पॅनेल उघडायचं नाही, काचेतून आकडा वाचायचा, बस. आणि शाळेचं कनेक्शन मोठं असेल तर मीटरवरचा आकडा एका गुणकाने गुणावा लागतो, तो बिलावर लिहिलेला असतो. ते न बघता पोरं हिशोब करत बसली तर खर्च फारच कमी दिसेल आणि सगळे खूश होतील उगाच.

पानगळ

मीटरवाचक यांचं बरोबर असेल पण मला जरा धास्ती वाटते की याने मुलं पर्यावरणाची नाही, हिशोबनीसाची आवड घेऊन बाहेर पडतील. युनिट, किलो, टक्के. ज्या मुलाला शाळेच्या आवारातल्या पाच झाडांची नावं सांगता येत नाहीत त्याला कार्बनचा आकडा सांगून काय होणार?

माझं म्हणणं, एकेका गटाने एकेक मोठं झाड दत्तक घ्यावं आणि वर्षभर फक्त बघावं. दर आठवड्याला तेच झाड, नवी पालवी किती, कळ्या, फुलं, फळं, पानगळ, वर कोण येऊन बसतं. यात कंटाळा येतो सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, पण एकदा बदल दिसायला लागला की मुलं स्वतःहून जाऊन बघतात. आणि याला विज्ञानात किंमत आहे बरं का. जपानमध्ये क्योटोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी इ. स. ८१२ पासून सापडतात, दरबारी लोकांच्या रोजनिशीत वगैरे. त्यांनी काही हवामानशास्त्र म्हणून लिहिलं नव्हतं, उत्सव कधी झाला एवढंच लिहिलं. आज त्याच नोंदींवरून कळतं की २०२१ चा बहर २६ मार्चला आला आणि तो तोपर्यंतच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा होता. तुमच्या क्लबची वही पण पुढच्या बॅचला, त्यांच्या पुढच्या बॅचला द्या, पाच-सात वर्षांत तिला वजन येतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचं. अंगठ्याएवढं जाड झालेलं रोप वाळवून फार तर किलोभर भरेल, म्हणजे अर्धा किलो कार्बन, म्हणजे हवेतून घेतलेला पावणेदोन-दोन किलोच्या आत वायू. वर लिहिलेलं ते दीड युनिट आठवा. एक रोप जगवून वाढवायला लागलेली सगळी मेहनत आणि रिकाम्या वर्गात एका दुपारी विसरलेले चार पंखे, जवळजवळ बरोबरीत. हेच तिला सांगा, प्रामाणिक उत्तर आहे. आणि तिथेच थांबू नका, कारण तेच झाड मोठं झालं की खोडात शेकडो किलो धरून ठेवतं, खाली सावली, पक्षी, जमिनीत पाणी मुरणं हे वेगळंच. म्हणून यंदा नवीन लावूच नका म्हणते मी! जी आहेत ती मोजा. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर टेपने घ्यायचा, बऱ्याच देशांत साधारण तिथेच घेतात, दरवर्षी त्याच महिन्यात. लावायचीच असतील तर स्थानिक जातीची आणि जेवढ्यांना सुट्टीत पाणी घालणारं कुणी आहे तेवढीच.

(आणि हो, शेवटी मीही आकडेच दिले, हसू नका.)

मुद्द्याचं_बोला

सगळं छान चाललंय पण एक कटू बोलू का. मुलांना पंखे बंद करायला लावायचं, वर त्यांनाच अपराधी वाटायला लावायचं, आणि ज्यांच्या चिमण्या धूर ओकतायत ते मोकळे. कार्बन फूटप्रिंट (आपल्यामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशोब) हा शब्द घराघरात कुणी पोचवला माहितीये ना, २००४-०५ च्या आसपास बीपी या तेल कंपनीने जाहिराती करून. तुमचा फूटप्रिंट किती ते मोजा म्हणे, तेल विकणारे तुम्ही आणि मोजायचं आम्ही! शाळेचे क्लब नकळत तेच काम पुढे नेतात असं मला वाटतं. मुलांना पत्र लिहायला शिकवा, प्रश्न विचारायला शिकवा, नगरपालिकेच्या सभेत नेऊन बसवा. ग्रेटा थुनबर्ग ऑगस्ट २०१८ मध्ये हवामानासाठी आंदोलन करत स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बसली तेव्हा १५ वर्षांची होती, ती काही पंखा बंद करून प्रसिद्ध झाली नाही.

मीटरवाचक

@मुद्द्याचं_बोला, बीपीचं खरंय. पण म्हणूनच मी मुलांच्या घरचं मीटर सांगितलं नाही, शाळेचं सांगितलं. शाळा ही एक संस्था आहे, तिचा खरेदीचा निर्णय कुणीतरी घेतं, पंखे कुठले घ्यायचे, छतावर सोलर बसवायचं की नाही, मुलं बसने येणार की शंभर गाड्या गेटसमोर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणार. मुलाने आकडा घेऊन मुख्याध्यापकांकडे जाणं आणि आम्हाला हे बदलून हवंय म्हणणं, हे राजकारणच आहे हो, छोटं आहे एवढंच. आकडा हातात नसताना नगरपालिकेत गेलात तर चहा पाजून परत पाठवतील.

मुद्द्याचं_बोला

चहावरचं मान्य. गेटसमोरच्या गाड्यांचा मुद्दा चांगलाय, तो मोजा खरंच. दहा मिनिटं उभं राहून किती गाड्यांची इंजिनं चालू आहेत ते लिहायचं, पालकच असतात सगळे, तोंडं बघण्यासारखी होतील.

गांडूळमावशी

कंपोस्ट कुणीच कसं काढलं नाही अजून! आमच्याकडे डब्यातलं उरलेलं आणि मैदानातला पालापाचोळा यावरच क्लब उभा आहे.

आधी आठवडाभर नुसतं वजन करा. मधल्या सुट्टीनंतर उरलेलं अन्न एका बादलीत, ताणकाट्यावर टांगायची, फळ्यावर आकडा लिहायचा. काही न बोलता चौथ्या-पाचव्या दिवशी बादली हलकी व्हायला लागते, कारण आकडा सगळ्यांना दिसतो. हे सगळं कचरा डेपोत गेलं की खाली दबून हवा न मिळता कुजतं आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट वगैरे तापवतो आणि वीस वर्षांच्या हिशोबाने ८० पटीच्या आसपास, त्यामुळे ओला कचरा डेपोत न जाऊ देणं हे लहान काम नाही.

खड्डा किंवा जाळीचा पिंजरा करा, खाली काड्या, मग एक भाग ओलं आणि दोन ते तीन भाग सुकी पानं, असे थर. शास्त्र एवढंच की एका भाग नायट्रोजनला २५-३० भाग कार्बन लागतो, सुकी पानं कार्बन देतात. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं किंवा हवा नाही, सुकी पानं घाला आणि ढवळा, दुसरं काही नको, बाजारातली पावडर तर अजिबात नको. ढीग पुरेसा मोठा असेल, मीटरभर लांब-रुंद-उंच, तर आत ५५-६० अंशांपर्यंत तापमान जातं. लांब थर्मामीटर खुपसून दाखवा, थंडीच्या सकाळी ढिगातून वाफ निघताना बघून आमची ती शेवटच्या बाकावरची मुलं क्लबात आली, जी एरवी कशातच नसतात.

आणि हे फार महत्त्वाचं, शिपाई काका आणि सफाईच्या मावशी यांना पहिल्या बैठकीला बोलवा. कचरा कुठे जातो, कोणता नळ गळतो, कोणत्या खोलीतला दिवा रात्रभर असतो, सगळं त्यांना माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. वर त्यांना न विचारता कंपोस्ट सुरू केलं तर काम त्यांचंच वाढतं, मग एक दिवस तो ढीग गायब होतो. सुट्टीत ढवळणार कोण हे पण आधीच ठरवा, नाहीतर उघडताना माशा.

पाठकोरा

छोटी भर. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो, कारण ए०चा कागद एक चौरस मीटर आणि त्याचे सोळा भाग म्हणजे ए४. गणिताच्या तासाला घ्या. महिन्याची नोटीसा, प्रश्नपत्रिका, फॉर्म अशी सगळी पानं मोजा आणि किलोत काढा. आणि कृपा करून कागद वाचवा याचे पोस्टर नव्या कार्डशीटवर करू नका.

आत्ताच_सुटले

मी शिक्षिका नाहीये, गेल्या वर्षीपर्यंत अशाच एका क्लबात होते म्हणून लिहितेय. मॅम राग मानू नका, पण आमच्या क्लबात सगळं सरांनी आधीच ठरवलेलं असायचं, आम्ही फक्त फलक धरायचो. कोणता उपक्रम, कोण बोलणार, घोषणा काय, सगळं. चाचणी आली की मुलं गळतात असं तुम्ही लिहिलंय ना, चाचणीमुळे नाही गळत हो, आपण नसलो तरी काही अडत नाही हे कळतं म्हणून गळतात. ज्याच्या नावावर मंगळवारचं रीडिंग आहे तो तापात पण मित्राला सांगून ठेवतो.

मुलांचीच समिती करा आणि तिला खरं मत द्या, म्हणजे मॅमचा प्रस्ताव पण पडू शकतो असं. इको-स्कूल्स म्हणून जो कार्यक्रम आहे, १९९४ मध्ये युरोपात सुरू झाला आणि आता कितीतरी देशांत चालतो, त्याच्या सात टप्प्यांत पहिला समिती आणि दुसरा शाळेची पाहणी, मग आराखडा, त्यानंतर बाकीचं. आपल्याकडे उलटं असतं, आधी कार्यक्रम आणि मग त्याला साजेसं कारण. आणि सातवीच्या मुलांना घ्याच, दहावीची सोडून जाणार हे नक्की असतं, तेव्हा वही कुणाकडे देणार?

सावकाश_बोलू

घाबरण्याच्या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांचा एक अभ्यास आला होता, त्यात ५९ टक्के जण खूप किंवा अतिशय चिंतेत होते आणि ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. तुमची आठवी-नववीची मुलं वयाने लहान आहेत पण मोबाईल तेच बघतात. त्यामुळे भीती तुम्ही आणत नाही, ती आधीच वर्गात बसलेली असते.

काय करू नये ते आधी सांगते. अस्वल तुटक्या बर्फावर, जळणारं जंगल, मग एक मिनिट शांतता आणि मग चला झाड लावूया, हा क्रम फार वाईट. आधी एवढं मोठं संकट दाखवायचं आणि मग हातात एवढंसं रोप, मुलांना हिशोब जुळत नाही हे लगेच कळतं. तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं तेच विचारलंय.

खरं ते साधेपणाने सांगा. औद्योगिक काळाआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. हवाई बेटांवरच्या मौना लोआला १९५८ पासून मोजतायत, तो आलेख दाखवा, दरवर्षी त्यात एक छोटी लाट दिसते, उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वायू ओढून घेतात आणि हिवाळ्यात परत सोडतात म्हणून. पृथ्वी श्वास घेताना दिसते त्यात आणि मुलं भीती विसरून प्रश्न विचारायला लागतात. आणि चांगलं घडलेलं पण सांगा, पण खरं. हवामानाबद्दलच्या २०१५ च्या पॅरिस कराराच्या आधी शतकअखेरपर्यंत साडेतीन-चार अंश तापमानवाढीची वाट दिसत होती, आता सध्याच्या धोरणांवर अडीच ते तीनच्या दरम्यान धरतात. हे पुरेसं नाही, अजिबात नाही, पण दरम्यान लोकांनी काही केलं म्हणून ती रेघ खाली आली. ओझोनचं उदाहरण तर हक्काचं आहे, १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, ओझोन खाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू बंद होत गेले आणि थर भरून यायला लागलाय. फक्त ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे स्पष्ट करा, मोठी माणसंही गल्लत करतात.

आणि एखादं मूल खरंच अस्वस्थ असेल तर लगेच काम देऊ नका. आधी ऐका. प्रत्येक भावनेवर उपक्रम नसतो.

खडूफळा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पानगळ ताई, तुमचं ते दीड युनिट आणि एक रोप मी तसंच्या तसं वर्गात मांडलं. ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली मग आपण पंखे आणि रोप दोन्ही का नाही करत. तर समिती झाली, निवडणूक झाली (माझा उमेदवार पडला), आणि त्यांनी मतदानाने मीटर आणि झाडांची वही हे दोन घेतले. कंपोस्ट पुढच्या सत्रात, सफाईच्या मावशी म्हणाल्या आधी उंदरांचं बघा.

मीटरचं सांगते. ऑफिसने बिल दाखवायला आधी नाही म्हटलं, पण शिपाई काकांनी गुणक लिहून आणून दिला, त्यांच्याकडे जुनं बिल होतं. रात्रीचा वापर फार नाही निघाला, वॉटर कूलर काका आधीपासूनच बंद करून जातात. पण रविवारचा आकडा रात्रीपेक्षा खूप जास्त येतोय आणि तोही दर रविवारी सारखा नाही, एकदा जास्त एकदा कमी. मुलांनी सगळ्या खोल्या फिरून यादी केली, काही सापडत नाही. मुख्याध्यापकांना पण आता उत्सुकता लागलीये. काय असू शकेल?

मीटरवाचक

पाण्याचा पंप बघा. कमी-जास्त येतंय म्हणजे आपोआप चालू-बंद होणारं काहीतरी आहे. टाकीतला फ्लोट (पाणी भरलं की पंप बंद करणारा तरंगता गोळा) अडकला किंवा कुठे पाईप गळत असला की टाकी रिकामी होत राहते आणि पंप पुन्हा पुन्हा लागतो, सुट्टीच्या दिवशी ऐकायला कुणी नसतं म्हणून लक्षात येत नाही. पंप एक हॉर्सपॉवरचा असला तरी पाऊण किलोवॅट घेतो, चार-पाच तास चालला तर झालाच की हिशोब. शनिवारी सुटताना टाकीतल्या पाण्याची उंची काठीने मोजून ठेवा, नळ सगळे बंद आहेत का बघा, पंपाचं बटण बंद करा आणि सोमवारी परत मोजा. पाणी उतरलेलं दिसलं तर गळती.

गांडूळमावशी

आणि टाकीवर मुलांना चढवू नका, काकांना सांगा. शौचालयाच्या फ्लश टाक्या आधी बघा, तिथेच असतं बहुतेक वेळा. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकायचा, फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटांनी भांड्यात रंग उतरला की ती गळते. हे मात्र मुलं करू शकतात, फार आवडीने करतात.

खडूफळा

रंगाचं भारी आहे. शुक्रवारी करतो, कळवते.